केप मेला पहिल्यांदा जाताना

न्यू जर्सीत नव्याने आलेलं मराठी कुटुंब पहिल्या उन्हाळ्यात समुद्र शोधायला निघतं ते बहुधा पॉइंट प्लेझंटला, नाहीतर अटलांटिक सिटीला. केप मेचं नाव निघालं की "फार लांब पडतं हो" म्हणून विषय तिथेच संपतो. लांब आहेच. एडिसनहून सव्वाशे मैलांच्या वर जातं. पण राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, एका अंगाला अटलांटिक आणि दुसऱ्या अंगाला डेलावेअरची खाडी अशा भूशिरावर वसलेलं हे गाव दोनशेहून अधिक वर्षं पाहुण्यांवर जगत आलंय. माझं सांगणं एवढंच, की केप मेला नुसत्या वाळूसाठी जाऊ नका. वाळू इथे सगळ्याच किनाऱ्याला आहे. केप मेला गाव बघायला जा, पायी फिरा आणि निदान एक रात्र राहा.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते जुलैतल्या एका शनिवारी, सासू-सासऱ्यांना घेऊन. साडेबाराला पोचलो आणि गाडी लावायला पाऊण तास गल्ल्या पालथ्या घातल्या. सुंदर जुन्या घरातली खोली घेतली होती, ती निघाली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना अरुंद, आणि सासूबाईंचे गुडघे दुखणारे. मालकांनी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. त्या दोन दिवसांत त्या बिचाऱ्या खोलीतून फक्त तीनदा खाली उतरल्या. पुढे दरवर्षी जात राहिलो आणि हळूहळू सगळं बसत गेलं. ते क्रमाने सांगते.

आधी महिना ठरवा

इथला हंगाम मेच्या शेवटी मेमोरियल डेला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दीही सगळ्यात जास्त आणि भावही सगळ्यात चढे. शाळेच्या सुट्ट्यांमुळे दुसरा इलाज नसेल तर सोमवार ते गुरुवारातले दिवस घ्या. इलाज असेल तर लेबर डेनंतरचे पाच-सहा आठवडे सर्वांत उत्तम. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं ते तेव्हाही कोमट असतं (जूनमध्ये हेच पाणी पायाला चावतं), खोल्यांचे भाव उतरतात, रस्ते मोकळे होतात. गणपती विसर्जन झालं की पुढचा शनिवार-रविवार आमचा केप मेचा, हे आता घरात कुणाला सांगावं लागत नाही. एकच लक्षात ठेवा, हंगाम संपला की किनाऱ्यावर लाइफगार्ड जवळजवळ नसतात. तेव्हा पाण्यात गुडघ्यापर्यंतच.

मे-जूनची मजा वेगळी. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला खाडीच्या बाजूच्या वाळूवर हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला येतात. घोड्याच्या नालेच्या आकाराची ढाल पाठीवर घेतलेले हे प्राणी शेकड्यांनी दिसतात. ती अंडी खायला दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून आर्क्टिककडे निघालेले रेड नॉट पक्षी वाटेत उतरतात. त्यांना त्रास नको म्हणून मे महिन्यात खाडीकाठचे काही किनारे बंद ठेवतात. तिथे कठड्याबाहेरूनच बघायचं, दुर्बीण न्यायची. उघड्या किनाऱ्यावर एखादा उताणा पडलेला हॉर्सशू क्रॅब दिसला तर कवचाच्या कडेला धरून सुलटा करा. शेपटीला धरू नका, ती दुखावते.

खोली घेताना चार प्रश्न

केप मेत जुन्या व्हिक्टोरियन घरांत चालवलेली बेड अँड ब्रेकफास्ट पुष्कळ आहेत. राहायला अप्रतिम, पण सगळ्यांना सोयीची नाहीत. फोन करून विचारा: खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का? लहान मुलं चालतात का? (पुष्कळ ठिकाणी चालत नाहीत.) हंगामात किमान किती रात्री घ्याव्या लागतात? आणि गाडी लावायला स्वतःची जागा आहे का? शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच सांगून ठेवा. नाश्ता सगळ्यांसोबत एका टेबलावर असतो आणि त्यात अंडी ठरलेली. आधी कळलं तर तुमच्यासाठी काहीतरी वेगळं करतात.

आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर समुद्रासमोरच्या बीच ॲव्हेन्यूवरचं एखादं साधं मोटेल घ्या. दाराशी गाडी, तळमजल्याची खोली, रस्ता ओलांडला की समुद्र. जुन्या घरांची हौस चालण्यात भागते.

रस्ता

गार्डन स्टेट पार्कवे धरला की पत्ता शोधावा लागत नाही. पार्कवेवरचे मैलाचे आकडे दक्षिणेकडून मोजलेले आहेत, त्यामुळे एडिसनजवळ १२७-१३० च्या आसपासचे एक्झिट दिसतात आणि पुढे आकडा उतरत जातो. जो आकडा दिसेल तितके मैल उरले. मुलांना मागच्या सीटवर हे कामच देऊन टाका. शून्याला पार्कवे संपतो आणि पूल ओलांडून तुम्ही गावात शिरता. त्या पुलाकडे जरा लक्ष द्या. दुसऱ्या महायुद्धात जहाजांना टोकाला वळसा न घालता आतून जाता यावं म्हणून भूशिर आडवं कापून इथे कालवा खणला. खरं तर तेव्हापासून गाव पाण्याने चहूबाजूंनी वेढलेलं आहे.

घरून शनिवारी पहाटे सहाला निघा. शुक्रवारी दुपारनंतर दक्षिणेकडे जाणारा रस्ता तुंबतो. टोलसाठी गाडीत ईझी-पास असू द्या. गाडी नसेल तर न्यू यॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीहून एनजे ट्रान्झिटची ३१९ नंबरची बस केप मेपर्यंत येते. वेळ खूप घेते, पण गावात उतरल्यावर गाडीची गरज फारशी पडत नाही.

पोचल्यावर पहिलं काम गाडी लावण्याचं. नऊच्या आत पोचलात तर जागा मिळते. समुद्राजवळच्या आणि बाजाराजवळच्या बहुतेक जागांना हंगामात मीटर आहेत. पैसे फोनवरच्या ॲपने भरता येतात. ते कोणतं हे आधी बघून घरूनच डाउनलोड करून घ्या. खोली दुपारी मिळणार असली तरी बहुतेक ठिकाणी गाडी आधी लावू देतात. विचारा.

आता चाला

थोडा इतिहास माहीत असला की चालण्याला अर्थ येतो. गावाला नाव मिळालं ते सतराव्या शतकात हा किनारा धुंडाळणाऱ्या कॉर्नेलिस मेय या डच दर्यावर्दीवरून. १८०१ मध्ये इथला पोस्टमास्तर एलिस ह्यूज याने फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: समुद्रस्नानाला या, राहायची सोय आहे, मासे-कालवं-खेकडे आणि चांगली दारू मिळेल. मग आगबोटी आल्या, १८६३ मध्ये रेल्वे आली, लाकडी हॉटेलं वाढत गेली. १८७८ च्या नोव्हेंबरात आग लागली आणि गावाचा ३० हून अधिक एकरांचा मध्यभाग जळून गेला. तेव्हा लोकांनी मोठमोठी हॉटेलं पुन्हा न बांधता बरीचशी घरंच उभी केली, त्या काळच्या पद्धतीने, लाकडाची आणि नक्षीदार.

तोवर पाहुण्यांची गर्दी अटलांटिक सिटीकडे वळली होती. केप मेत पैसा आला नाही, म्हणून जुनं पाडून नवं बांधलंही गेलं नाही. १९६२ च्या मार्चमधल्या वादळाने किनारा उद्ध्वस्त केला आणि त्यानंतर जुनी घरं पाडायची भाषा सुरू झाली. १९७० मध्ये फिजिक इस्टेट नावाची हवेली वाचवायला गावातलेच लोक एकत्र आले आणि तिथून वारं फिरलं. १९७६ मध्ये सबंध गावालाच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. एखाददुसरी वास्तू जपलेली आपण खूप पाहतो. इथे गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या आहेत आणि त्यांत माणसं राहतायत.

सुरुवात काँग्रेस हॉलपासून करा. समुद्राकडे तोंड केलेलं, उंच खांबांच्या लांबलचक व्हरांड्याचं हे पिवळं हॉटेल. सुरुवात १८१६ ची, जुनं लाकडी हॉटेल त्या आगीत गेलं. आत्ताचं १८७९ चं, विटांचं. १८९१ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन इथूनच कारभार बघत होते. तिथून पेरी स्ट्रीटवर गुलाबी घर लागतं, पाठोपाठ जॅक्सन स्ट्रीट, मग ओशन स्ट्रीट ओलांडून कोलंबिया ॲव्हेन्यू, गर्नी स्ट्रीट आणि परतताना झाडांच्या सावलीतला ह्यूज स्ट्रीट. न थांबता चाललं तर तासाभराचं काम आहे. थांबत चाला.

एका घरासमोर तरी पाच मिनिटं नीट उभे राहा. छपराच्या कडेला आणि पडवीच्या खांबांमध्ये लाकडाची झालर असते, लेससारखी कातरलेली. तेव्हा वाफेवर चालणाऱ्या करवती आल्या होत्या, त्यामुळे असं कातरकाम साध्या घरांनाही परवडू लागलं. वरच्या भिंतींवर लाकडाच्या अर्धगोल चकत्या एकावर एक बसवलेल्या दिसतील, अगदी माशाच्या खवल्यांसारख्या. आणि रंग बघा: भिंत एक, खिडकीची चौकट दुसरी, झालर तिसरी, झालरीतलं फूल चौथं. खारं वारं लाकूड खातं, म्हणून दर काही वर्षांनी हे सगळं हाताने पुन्हा रंगवावं लागतं. आमचे सासरे कोकणातले. रंगाची शिडी लावून झालरीचे कोपरे ब्रशने भरत बसलेला एक माणूस बघत ते कितीतरी वेळ फुटपाथवर उभे होते. "दर पावसाळ्याआधी आमच्या घराचं हेच करायचो," एवढंच म्हणाले. पडवीतल्या झुलत्या खुर्च्या बघून आत जायचा मोह होतो, पण ती राहती घरं आहेत. फोटो फुटपाथवरूनच काढा.

ज्यांना इतकं चालवत नाही त्यांच्यासाठी ट्रॉलीची गावफेरी आहे. वॉशिंग्टन स्ट्रीट मॉलजवळ तिची तिकिटं मिळतात. हा मॉल म्हणजे गाड्यांना बंद असलेला दुकानांचा रस्ता. फजची दुकानं तिथेच, संध्याकाळी बसायला बाकं आहेत. फिजिक इस्टेट आतून बघायची तर ट्रॉलीफेरीबरोबरचं जोडतिकीट घ्या.

लाफायेट स्ट्रीटवरचं हॅरिएट टबमन म्युझियम मात्र चुकवू नका. हॅरिएट टबमन मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मल्या, पळून मुक्त झाल्या आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन सुमारे ७० जणांना सोडवून आणलं. त्या फेऱ्यांसाठी पैसे लागत, ते मिळवायला १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी केप मेत उन्हाळ्यात कामं केली. खाडीपलीकडच्या डेलावेअर राज्यात तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. पाहुणे सुट्टी घालवत होते त्याच हॉटेलांच्या गावात ही बाई एक एक डॉलर साठवत होती. म्युझियम लहान आहे, २०२१ मध्ये उघडलं. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांना आवर्जून न्या.

समुद्रात उतरताना

हंगामात दिवसा वाळूवर जायला बीच टॅग लागतो. कपड्याला किंवा पिशवीला लावायचा बिल्ला. दिवसाचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा मिळतो. बारा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. नव्या माणसाला समुद्राचे पैसे देणं फार खटकतं, मलाही खटकलं होतं. लाइफगार्ड आणि किनाऱ्याची सफाई त्यातूनच चालते. वाळूला लागून जवळजवळ दोन मैलांचा पक्का, सपाट प्रॉमनेड आहे. त्यावर फिरायला टॅग लागत नाही. आई-बाबांसाठी सकाळचं ठिकाण हेच.

आता हे नीट वाचा. केप मेला वाळूचा उतार पाण्याशी एकदम खाली जातो, त्यामुळे लाट लांबवर न फुटता थेट काठावर आपटते. दिसायला छोटी लाट माणसाला उचलून डोक्यावर टाकते. मान आणि पाठीच्या गंभीर दुखापती इथे झालेल्या आहेत. पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही, सूर मारायचा नाही, लाइफगार्डसमोरच उतरायचं आणि "आज लाट कशी आहे?" हे त्यांनाच विचारायचं. पाणी आत ओढू लागलं तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. साडी किंवा सलवार भिजली की जड होते आणि पाय अडकतात. पाऊल भिजवायचं तर काठावर मुलांचा नाही, मोठ्या माणसाचा हात धरा.

टोकावर: दीपगृह, पक्षी आणि खडे

दुपारी चारनंतर गाडी काढून पश्चिमेला दोन-तीन मैलांवर केप मे पॉइंटला जा. तिथल्या स्टेट पार्कमध्ये शिरायला पैसे नाहीत. दीपगृह चढायला तिकीट आहे. १८५९ चं हे दीपगृह १५७ फूट उंच, आतल्या गोल लोखंडी जिन्याला १९९ पायऱ्या. मध्ये थांबायला जागा आहेत. जोराचा वारा सुटला तर चढणं बंद ठेवतात. वरून या भूशिराचा आकार डोळ्यांना कळतो: एकीकडे समुद्र, एकीकडे खाडी, मध्ये निमुळती होत गेलेली जमीन. आधीची दोन दीपगृहं टिकली नाहीत. पहिलं जिथे होतं ती जागा आता पाण्यात आहे. शेजारी साउथ केप मे नावाची वस्ती होती, तीही समुद्राने खाल्ली. तिच्या जागी आता पाणथळ कुरण आहे आणि त्यातून फिरायला वाट.

शरदात इथे का यायचं, ते या निमुळत्या आकारामुळे. उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले पक्षी किनारा धरून खाली येतात आणि नरसाळ्यात सापडल्यासारखे या टोकावर गोळा होतात. पुढे रुंद पाणी असतं. ते ओलांडायला वारा अनुकूल हवा, म्हणून ते इथे थांबतात, खातात, घिरट्या घालतात. पार्किंगशेजारीच लाकडी मचाण आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर तिथे ससाणे-गरुड मोजणारे लोक रोज उभे असतात. काही माहीत नसलं तरी जाऊन शेजारी उभे राहा, "तो काय?" म्हणून विचारा, आनंदाने सांगतात. उत्तरेचा वारा सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त पक्षी दिसतात. त्याच सुमाराला केशरी-काळी मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोला जाताना इथे उतरतात. संध्याकाळी थंडी पडू लागली की एकेका झाडावर मिटल्या पंखांनी लटकून बसलेली दिसतात, आधी वाळलेली पानंच वाटतात.

सूर्यास्ताच्या तासभर आधी सनसेट बीचवर पोचा. हा किनारा खाडीच्या तोंडाशी, पश्चिमेकडे बघणारा, म्हणून पूर्व किनाऱ्यावर राहूनही इथे सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. टॅग लागत नाही. लाइफगार्ड नाहीत, पोहायची जागा नाही. समोर पाण्यातून काहीतरी काळपट वर आलेलं दिसेल. ती अटलांटस, काँक्रीटची बोट. पहिल्या महायुद्धात पोलाद कमी पडलं म्हणून काँक्रीटच्या बोटी बांधल्या, त्यातली ही एक. पुढे फेरीबोटीच्या धक्क्यासाठी इथे आणली, १९२६ च्या वादळात दोर तुटून रुतली ती कायमची. दरवर्षी थोडी थोडी कमी होते. मेमोरियल डेपासून हंगामभर रोज सूर्यास्ताला इथे झेंडा उतरवतात. तो दिवंगत सैनिकाच्या शवपेटीवरचा, त्याच्या घरच्यांनी आणून दिलेला असतो. सगळे उठून उभे राहतात. तुम्हीही राहा.

आणि इथले खडे! डेलावेअर नदीने वरच्या डोंगरांतून हजारो वर्षं लोटत आणलेले गारगोटीचे स्वच्छ तुकडे इथे किनाऱ्याला लागतात. त्यांना केप मे डायमंड म्हणतात. ओल्या वाळूत, लाट मागे सरते त्या रेषेवर, सूर्य समोर घेऊन बसा. पांढरे पुष्कळ मिळतात. हवेत तो ज्यातून पलीकडचा उजेड दिसतो असा. सासूबाईंना खाली बसवत नव्हतं, तर नातवाने ओंजळी भरून आणायचं आणि त्यांनी खुर्चीत बसून ओच्यात निवडायचं असं चाललं होतं, तांदूळ निवडतात तसं. अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत.

खाण्याचं

केप मे मोठं मासेमारी बंदर आहे. मासे खात असाल तर स्कॅलप आणि इथली कालवं खाऊन बघा, ताजी असतात. शाकाहारींना पिझ्झा, पास्ता, सॅलड यांवर भागवावं लागतं. घरून दशम्या, धपाटे आणि कोरडी चटणी न्या, दुपारचं जेवण त्यावर होतं. शनिवारी रात्री टेबल मिळायला दीड-दोन तास लागतात. साडेपाचला जेवून सनसेट बीचवर जा, नाहीतर आधी फोन करून ठेवा. किनाऱ्यावर खाताना सीगल हातातला घास उचलून नेतात. त्यांना काही घालू नका.

दुसरा दिवस

मुलं लहान असतील तर परतीच्या वाटेवर केप मे काउंटीचं प्राणिसंग्रहालय आहे, त्याला प्रवेश फी नाही. पाण्याची हौस असेल तर केप मे-लुईस फेरी घ्या. १९६४ पासून चालू आहे, १७ मैलांची खाडी ८५ मिनिटांत ओलांडून डेलावेअरमध्ये उतरवते. गाडी इथेच ठेवून पायी गेलात तर स्वस्त पडतं. डेकवर उभे राहा, उन्हाळ्यात डॉल्फिन बहुधा दिसतात. वारा गार असतो, कानटोपी नाही तरी स्वेटर हवाच.

रविवारी दुपारी दोन ते सात पार्कवे उत्तरेकडे भरतो. बाराच्या आत निघा, नाहीतर सरळ संध्याकाळचं जेवूनच निघा.

घरी आल्यावर खिशातले खडे धुरकट, साधे दिसतील आणि मुलं हिरमुसतील. काचेच्या वाटीत पाणी घाला आणि त्यात ठेवा. ओले झाले की पुन्हा तसेच चमकतात. आमची वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, पाणी सासूबाई बदलतात.